बायोडेटातली दहावी

मुलाच्या लग्नाचा बायोडेटा आम्ही तिघांनी मिळून भरला. मुलगा लॅपटॉप मांडीवर घेऊन कॉटवर बसला होता, हे खुर्चीत होते आणि मी खाली मेथी निवडत होते. रास झाली, नक्षत्र झालं, उंची झाली, कुलदैवत झालं, मामाचं गाव झालं. मग मुलगा म्हणाला, "आई, तुझं शिक्षण काय टाकू?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "दहावी टाक."

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी मेथीकडे बघितलं. लॅपटॉपवर दोन-चार खटके वाजले आणि मी दहावी पास झाले. ना अभ्यास, ना परीक्षा.

"आजकालच्या मुली सगळ्या इंजिनिअर," हे म्हणाले, "त्यांच्या आयासुद्धा शिकलेल्या. चौथी वाचली की पुढचं वाचणारच नाहीत. आणि तपासायला कोण येतंय?"

"हौ ना, लाइट घे आई," मुलगा म्हणाला. म्हणजे मनावर घेऊ नको. हैदराबादेत जन्मलेली मुलं कुठल्याही गोष्टीवर हेच म्हणतात. मेलेल्याच्या घरीसुद्धा म्हणतील.

मी चौथी शिकले आहे. मराठवाड्यातल्या आमच्या गावात शाळाच चौथीपर्यंत होती. पुढचं हायस्कूल तालुक्याला, आणि तिथे मुलींना कुणी पाठवत नसे. तेव्हा त्याचं दुःख झालं असं म्हणता येणार नाही, कारण माझ्या बरोबरीच्या एकाही मुलीला पाठवलं नव्हतं. लग्न होऊन हैदराबादेत, गौलीगुड्यात आले. हे बस डेपोत मेकॅनिक, सासरे त्यांच्याआधी तिथेच. सुलतान बाजारात फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळायची, त्यातली मराठी मी शोधून शोधून आणायची आणि वाचायची. त्याने चौथीची सहावी-सातवी झाली असेल. दहावी काही झाली नाही.

त्याच कागदावर माझ्या व्यवसायासमोर 'गृहिणी' लिहिलं होतं. तेही अर्धंच खरं. गेली नऊ वर्षं मी तारनाक्याला एका सरांच्या घरी स्वयंपाकाला जाते. मुलाला नोकरी लागल्यावर तो म्हणाला, आता सोड. मी 'बघू' म्हटलं आणि जात राहिले. मला ते काम सोडायचं नव्हतं. त्याचं कारण म्हणजे तिथला रविवार.

सरांनी जन्मभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. आता ऐंशी उलटली आहे, एकटेच असतात. जन्म सुलतान बाजारचा, त्यामुळे मराठी बोलता बोलता उर्दूत शिरतात आणि तिथेच रमतात. तत्त्वज्ञान म्हणजे गुडघे गेल्यावर माणसं जे ऐकतात ते, अशी माझी समजूत होती. आत्मा, देह, माया, आणि शेवटी प्रसाद. पण दर रविवारी सकाळी सरांकडे दोन-चार माणसं जमतात आणि जे चालतं ते मला पहिले काही महिने भांडणच वाटत होतं. त्यातले दोघे न चुकता येतात. एक म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले काका, आणि दुसरी एक तेलुगू मुलगी, जी मोठी पदवी करते आहे आणि मराठी चांगली समजते. सरांचा एकच नियम आहे. पुस्तकातलं उदाहरण द्यायचं नाही. स्वतःच्या घरातलं, मागच्या आठ दिवसांतलं द्यायचं.

मी आत पोळ्या लाटत असते. स्वयंपाकघराला दार नाही, पडदा आहे, म्हणून सगळं ऐकू येतं. एकदा काका म्हणाले, "परवा बिर्याणी मागवली. थंडगार आली. पण आणणारा माणूस दारात उभा राहून म्हणाला, सर, पाच तारे देना प्लीज. मी दिले. आता हे खोटं झालं का?"

"झालं," मुलगी म्हणाली. "तुमचे तारे बघून अजून कुणीतरी थंड बिर्याणी मागवणार."

"अगं अम्मा, पण त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? थंड हॉटेलने दिली!"

"मग तारे तुम्ही कुणाला दिले? माणसाला की बिर्याणीला?"

"वाह!" सरांनी मांडीवर थाप मारली. "आता आला प्रश्न."

त्यावर तासभर गेला. उत्तर निघालं नाही. मी मात्र घरी येताना बसमध्ये तोच विचार करत होते, आणि माझा स्टॉप मागे गेला. आपण दिवसभर न बघता जे करतो ते थांबून बघायचं, एवढंच ते लोक करतात हे मला हळूहळू कळलं. भाजीवाल्याला 'उद्या घेते' म्हणणं, शेजारणीला 'छान दिसतेस' म्हणणं, सगळं त्यांच्या तावडीत सापडतं. मी नऊ वर्षं ऐकलं. तोंडातून एक शब्द काढला नाही. लोकांसमोर बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते, लहानपणापासून.

बायोडेटा गेला आणि महिन्याभरात एक स्थळ जमत आलं. मुलीकडचे लोक मूळ पुण्याचे, आता इथेच हैदराबादेत, कोंडापूरला राहतात. वडील औषधांच्या कंपनीत मोठ्या जागेवर, मुलगी आमच्या मुलासारखीच कंप्युटरवाली. आधी ही दोघं बाहेर दोनदा कॉफी प्यायला गेली. दुसऱ्या कॉफीनंतर आमचा मुलगा स्वतःचे शर्ट स्वतः इस्त्री करायला लागला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "आई, हीच." इतकी वर्षं ज्याला जेवायला काय हवं तेही ठरवता येत नव्हतं, तो असा बोलला. मला भरून आलं. आणि त्याच वेळी धास्तीही वाटली, कारण मुलीच्या आईचा मला फोन येणार होता.

फोनवर मला 'नाही' म्हणता येत नाही. समोर माणूस असला तर निदान मान हलवता येते. फोनवर मान हलवून काय उपयोग?

मुलीची आई खूप बोलकी, अगदी मोकळी. "अहो ताई, तुमचं मूळ गाव वाचलं आणि मी उडालेच! तिथल्या तालुक्याच्या हायस्कूलमध्ये माझी मावशी शिकवायला होती. गणित आणि मराठी. बुटकीशी, आवाज मोठा. तुम्हाला असेल ना हो शिकवायला?"

मी म्हटलं, "असतील."

"असणारच! तालुक्याला एकच तर हायस्कूल. फार मारायची का?"

"नाही नाही," मी म्हटलं, "चांगल्या होत्या."

फोन ठेवला आणि मी तशीच भिंतीला टेकून बसले. बायोडेटातलं खोटं यांनी सांगितलं होतं, मी फक्त गप्प बसले होते. पण हे माझं स्वतःचं होतं. जिला मी कधी बघितलं नाही तिला मी चांगली म्हणून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या आईचा मेसेज आला. मावशी सध्या आमच्याकडेच आली आहे, येत्या रविवारी तुम्ही येणार म्हणून हरखून गेली आहे, तिला तिचे सगळे विद्यार्थी चेहऱ्यानिशी आठवतात. पुढे हसऱ्या चेहऱ्यांची रांग होती. मी ती यांना दाखवली.

"म्हातारी असेल ऐंशीची," हे म्हणाले. "तिला काय आठवतंय. तू हो-हो करत राहा."

"आणि तिने विचारलं, कुठल्या वर्गात होतीस?"

"खोकला आला म्हण."

त्या रविवारी बघायला दुपारी जायचं होतं, म्हणून सकाळी मी सरांकडे नेहमीसारखी गेले. त्या दिवशी तेलुगू मुलीने तिच्या घरातलं उदाहरण काढलं होतं. तिने फोनमधल्या त्या निळ्या खुणा बंद केल्या होत्या, मेसेज वाचला की समोरच्याला दिसतात त्या. आईचे दिवसाला चाळीस मेसेज येतात, वाचते सगळे, पण वाचले हे आईला कळू देत नाही.

"ही तर फसवणूक," काका म्हणाले.

"कशी? वाचलं नाही असं मी कुठे म्हणते? मी फक्त सांगत नाही."

माझ्या हातात लाटणं होतं. ते ठेवलं कधी आणि पडदा बाजूला केला कधी ते मला आठवत नाही. मी दारात उभी राहून विचारलं, "न सांगणं आणि खोटं सांगणं एकच असतं का?"

तिघेही माझ्याकडे बघायला लागले. नऊ वर्षांत मी तिथे 'जेवायला वाढू का' याशिवाय काही बोलले नव्हते. माझे कान इतके तापले की मी परत आत जायला निघाले.

"थांबा ताई," सर म्हणाले. "नियम माहीत आहे ना? घरातलं उदाहरण."

मग सांगावंच लागलं. मेथीपासून मावशीपर्यंत सगळं सांगितलं. मध्ये दोनदा पोळी करपल्याचा वास आला, सर म्हणाले, "करपू दे."

काका म्हणाले, "आज बोलू नका. लग्न होऊ द्या, दोन वर्षं जाऊ द्या, मग हसत हसत सांगा. तोवर नातू झालेला असतो, कुणी काही म्हणत नाही."

"आणि मी सून असते तर?" तेलुगू मुलगी म्हणाली. "मी विचार करते ना, की दोन वर्षं ही बाई माझ्यासमोर नाटक करत होती. मग बाकी काय काय नाटक होतं?"

"पण लग्न मोडलं तर? चौथी आणि दहावी, याने त्या दोघांच्या संसारात फरक काय पडतो?"

"काही पडत नसेल तर लपवलं कशाला?"

मग सर मला म्हणाले, "ताई, ही दहावी तुम्हाला किती दिवस सांभाळावी लागेल?"

मला वाटलं होतं, हा आजच्या दुपारचा प्रश्न आहे. पोळ्या संपवता संपवता मी पुढचे दिवस डोळ्यांसमोर आणायला लागले. सून आली की बँकेचा कागद पुढे करून म्हणणार, आई, हे जरा वाचून सही करा. त्यावर इंग्रजी असणार. आज खोकला, उद्या चष्मा सापडत नाही. पुढे नातवंड शाळेत जायला लागलं आणि म्हणालं, आजी, हे गणित सांग, की मला गच्चीवर पळावं लागणार. खोटं एकदा सांगून संपत नाही, त्याला म्हशीसारखं रोज चारा-पाणी करावं लागतं. आणि मी तर म्हातारी होत चालले. मला ते कुठवर झेपणार?

निघताना मी सरांना विचारलं, "मग सांगू की नको?"

"ते मला माहीत असतं तर मी पस्तीस वर्षं शिकवत बसलो असतो का?" सर म्हणाले, आणि करपलेली पोळीच मागून घेतली.

दुपारी आम्ही तिघं कॅबने निघालो. मी पुढचे दोन चौक धीर गोळा केला आणि म्हटलं, "मी त्यांना खरं सांगणार आहे."

"काय?" हे म्हणाले.

"चौथीचं."

"आज? आज नको. आज पोहे खायचे, हसायचं, उठायचं."

"आई, प्लीज," मुलगा म्हणाला. त्याने 'लाइट घे' म्हटलं नाही. त्याचा चेहरा बघून माझा धीर अर्धा झाला. तो म्हणाला, "तिच्या बाबांना खोटं अजिबात चालत नाही. तिनेच सांगितलंय मला. आत्ता कळलं तर संपलंच."

"आणि नंतर कळलं तर?"

ड्रायव्हरने आरशात बघितलं आणि विचारलं, "एसी बढाऊं क्या अम्मा? साब को भोत पसीना आ रा."

अकराव्या मजल्यावरचं घर होतं, सगळीकडे उजेड. मुलीचे वडील उंच, बोलायला सौम्य. आई जशी फोनवर तशीच. मुलगी आली, वाकून नमस्कार केला, आणि आमच्या मुलाकडे बघून तिने ओठ घट्ट मिटले, हसू आवरायला. मला ती तिथेच आवडली. पोहे झाले, चहा झाला. आमचं बोलणं ऐकून मुलीची आई म्हणाली, "किती गोड आहे हो तुमची मराठी, मध्येच उर्दू, मध्येच तेलुगू." हे गोड की नावं ठेवणं ते मला कळलं नाही.

मग मावशी बाहेर आल्या. खरंच बुटक्या, आणि आवाज खरंच मोठा. त्या माझ्या समोरच्या खुर्चीत बसल्या, चष्मा लावला आणि मला बघायला लागल्या. बघतच राहिल्या.

"गंमत आहे," त्या म्हणाल्या. "मला चेहरे आठवतात. वर्गात कुठल्या बाकावर कोण बसायचं तेसुद्धा आठवतं. तुझा चेहरा काही आठवत नाही ग."

यांना खोकला आला. मला यायचा तो यांना आला.

मुलाने डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, अजून वेळ आहे. 'मी मागच्या बाकावर बसायची' म्हटलं तरी भागेल. पण ती म्हातारी इतकी मनापासून आठवत होती, कपाळाला आठ्या घालून, जणू चूक तिच्याच डोक्याची आहे. एका चांगल्या शिक्षिकेला माझ्यामुळे वाटणार होतं की तिची स्मरणशक्ती गेली. ते मला बघवेना.

"बाई, तुम्हाला कसा आठवेल?" मी म्हटलं. "मी तुमच्या शाळेत आलेच नाही. मी चौथी शिकलेय. गावातच."

बोलायला लागले तसं मग सगळंच बोलून टाकलं. "आणि मी तारनाक्याला एका घरी स्वयंपाकाला जाते. म्हणजे गृहिणी आहे, पण दोन घरांची."

मुलीच्या वडिलांनी कप खाली ठेवला. "मग कागदावर दहावी..."

"मी सांगितलं टाकायला," हे म्हणाले. खोकला थांबला होता. "तिची चूक नाही. ती गप्प होती."

"मी टाइप केलं," मुलगा म्हणाला.

"आणखी काय काय आहे त्यात असं?" वडिलांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, पण सौम्यही राहिला नव्हता.

मुलाने एकदा मुलीकडे बघितलं. "उंची. पाच नऊ लिहिलीय. पाच साडेसात आहे."

"मला माहीतय," मुलगी म्हणाली. "मी पहिल्याच दिवशी मोजली. मी पाच पाच, वर दोन इंचांच्या टाचा, आणि तू खरंच पाच नऊ असतास तर मला तुझ्या टाळूवरचं ते लहानसं टक्कल दिसलं नसतं."

मावशी मोठ्याने हसल्या. "दोन्हीकडचे कागद आणा," त्या म्हणाल्या. "आणि लाल पेन."

त्या घरात लाल पेन होतं. मावशींनी दोन्ही बायोडेटे टेबलावर पसरले आणि एकेक ओळ वाचायला लागल्या, पेपर तपासतात तसं. आमच्या मुलाचं 'ट्रेकिंगची आवड' खोडलं गेलं, तो एकदाच गेला होता आणि पाय मुरगळून परत आला होता. मग मुलीचा कागद. "स्वयंपाकाची विशेष आवड," मावशींनी वाचलं आणि चष्म्यावरून बघितलं. "हे कुणी लिहिलं?"

"मी," मुलीची आई म्हणाली.

"हिला कुकरची शिट्टी वाजली तर गॅस बंद करायचा की मोठा, माहीत आहे का?"

"मावशीआजी!" मुलगी ओरडली.

"खोडते."

वातावरण सैल झालं, पण वडील हसत नव्हते. ते म्हणाले, "उंची, ट्रेकिंग, ठीक आहे. ते स्वतःबद्दलचं आहे. पण ताईंचं शिक्षण तुम्ही लपवलंत ते आमच्याबद्दलचं आहे. आम्हाला न भेटताच तुम्ही ठरवलंत, की हे लोक नाक मुरडणारे आहेत. मला याचं वाईट वाटतंय."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतके दिवस मी माझ्या लाजेचाच विचार करत होते. त्यांच्या बाजूने हे असं दिसत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी 'माफ करा' म्हणणार, तेवढ्यात त्यांची बायको म्हणाली, "अहो, पण मी मुरडलं असतं."

"काय?"

"खरं बोलायचं चाललंय म्हणून सांगते. स्थळं मीच बघते ना. आईचं शिक्षण दहावीच्या खाली असलं की मी ते स्थळ उघडतच नाही. चौथी लिहिलं असतं तर ही मंडळी आज इथे नसती."

खोटं लिहिलं म्हणून आम्ही तिथे पोचलो होतो, आणि खोटं लिहिलं म्हणून तिथून जायची वेळ आली होती. रविवारच्या मंडळींना हे मिळालं असतं तर त्यांनी दोन दिवस जेवण केलं नसतं.

"दोन्हीकडचे मार्क गेले," मावशी म्हणाल्या आणि पेनाला टोपण लावलं.

दारापर्यंत पोचवायला वडील आले. "विचार करून कळवतो," एवढंच म्हणाले.

पुढचे पाच दिवस आमच्या घरात फार वाईट गेले. मुलगा ऑफिसला जायचा, यायचा, ताट समोर घेऊन फोनकडे बघत बसायचा. माझ्यावर रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं. शर्ट पुन्हा मीच इस्त्री करत होते. हे मला एकदा म्हणाले, "दहा मिनिटं गप्प बसली असतीस तर..." आणि मग स्वतःच म्हणाले, "जाऊ दे. मीही त्याच म्हातारीकडे बघत होतो. मलाही सांगावंसं वाटत होतं." यांच्या तोंडून इतकं निघणं म्हणजे खूप झालं. मी खरं बोलले याचा मला पस्तावा होत नव्हता. पण मुलाचं तोंड बघितलं की वाटायचं, माझं मन हलकं करायला मी त्याचं ओझं वाढवलं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे मला कुणी सांगितलं असतं तर पूर्वी पटलं नसतं.

शुक्रवारी संध्याकाळी माझा फोन वाजला. मुलगी होती. तिने आमच्या मुलाच्या आधी मला फोन केला होता.

"काकू, बाबा हो म्हणाले."

मी कॉटवर बसले. "खरंच?"

"चार दिवस बोलत नव्हते कुणाशी. मग आईनेच पटवलं. आई म्हणाली, आता दुसरीकडे बघायला गेलो तर त्यांच्या कागदात काय खरं, काय खोटं, कोण शोधत बसणार? या लोकांचं निदान सगळं तपासून झालंय."

मला हसू यायला लागलं. डोळ्यांत पाणीही. हे समोरून हाताने विचारत होते, काय, काय झालं?

"आणि काकू," ती म्हणाली, "अजून एक सांगायचंय. रागावू नका. त्या दिवशी तुम्ही अनारसे आणले होते. मी छान म्हणाले. ते छान नव्हते, कडक होते. माझी दाढ दुखली."

माझ्या अनारशांना आजवर सासरी-माहेरी कुणी नाव ठेवलेलं नाही. मला राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच आला. एरवी मी 'असेल' म्हणून फोन ठेवला असता आणि रात्रभर ते अनारसे आठवत बसले असते. पण आता हिच्याशी जन्माचं नातं होणार होतं.

मी म्हटलं, "तू त्या दिवशी चहात साखर घातली नव्हतीस. आम्ही तिघांनी तसाच प्यायला."

मग ती फोन तसाच धरून ओरडली, "आई! चहात साखर नव्हती म्हणे त्या दिवशी!"

लांबून तिच्या आईचा आवाज आला, "अगं बाई! मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

हे माझ्या अगदी जवळ येऊन उभे राहिले होते. "हो की नाही?" ते दबक्या आवाजात विचारत होते. "अगं, हो म्हणाले की नाही?" मी त्यांना हाताने थांबा म्हटलं, कारण मुलीच्या आईने फोन घेतला होता आणि चहाचं काय झालं ते मला पहिल्यापासून सांगायला लागल्या होत्या.